बेताच्या बजेटमधला पहिला एचडी टीव्ही: काय आधी ठरवायचं, काय नंतर

टीव्ही घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण आधी सवलत कुठे जास्त ते बघतात. जागा, अंतर आणि जोडणी यांचा विचार टीव्ही घरात आल्यावर सुरू होतो. मग पडदा जुन्यापेक्षा मोठा, पण चित्र जुन्यापेक्षा धुरकट, अशी तक्रार येते. अशा तक्रारींत बहुतेक वेळा टीव्ही चांगला असतो, क्रम उलटा झालेला असतो. हातात पैसे मोकळे असतील तर ही चूक आणखी पैसे घालून निस्तरता येते. बेताच्या बजेटमध्ये ती सोय नाही. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. पहिले पाच घरबसल्या होतात आणि खरा निर्णयही तिथेच होतो.

१. काय बघणार आणि ते कुठून येणार, हे कागदावर लिहा

टीव्ही नुसता दाखवतो. चित्र येतं ते सेट-टॉप बॉक्समधून, अँटेनातून, इंटरनेटवरून, पेन ड्राइव्हमधून किंवा गेमच्या यंत्रातून. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? स्टँडर्ड डेफिनिशनच्या, म्हणजे एचडीच्या आधीच्या जुन्या पद्धतीच्या चित्रात ५७६ किंवा ४८० ओळी असतात. फुल एचडीत १०८० असतात. कमी ओळींचं चित्र मोठ्या पडद्यावर ताणलं की ते मऊ आणि फुटलेलंच दिसतं, टीव्ही कितीही महागाचा असो. डीव्हीडीचंही तेच. डीव्हीडी प्लेअर एचडीएमआयने (चित्र आणि आवाज एकाच वायरीतून नेणारी डिजिटल जोडणी) जोडला म्हणून तबकडीतलं चित्र एचडी होत नाही.

कागदावर प्रत्येक स्रोतासमोर तीन गोष्टी लिहा: तो दिवसातून किती वेळ चालतो, तो एचडी देतो का आणि तो कोणत्या पोर्टने (वायर खोचायच्या जागेने) जोडला जातो. बॉक्स असेल तर तो उलटा करून मागची बाजू बघा. एचडीएमआयचं पोर्ट नसेल आणि फक्त पिवळी-लाल-पांढरी छिद्रं असतील, तर त्या बॉक्समधून एचडी मिळणार नाही. पोर्ट असलं तरी तुमच्या पॅकमध्ये एचडी वाहिन्या आहेत का, हे वेगळं विचारावं लागतं.

इंटरनेटवरून बघणार असाल तर टीव्ही जिथे येणार आहे नेमक्या त्या जागी फोन ठेवून वेग मोजा. राउटरच्या शेजारी उभं राहून मोजलेल्या वेगाचा उपयोग नाही. फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस टिकून मिळाला तर काम भागतं. ४के साठी, म्हणजे २१६० ओळींच्या चित्रासाठी, १५ ते २५ लागतो. घरात बाकीचेही त्याच जोडणीवर असतील, तर त्यांच्या वापराच्या वेळेत मोजा.

तपासा: एचडीएमआयने जोडायच्या वस्तू किती झाल्या? बॉक्स, गेम, साउंडबार, कधीमधी लॅपटॉप. दोन पोर्टांच्या टीव्हीला तीन वस्तू असतील तर रोज वायर काढा-घाला करावी लागेल. अँटेना किंवा डिश थेट टीव्हीला लावायची असेल, तर टीव्हीतला ट्यूनर (प्रसारण पकडणारा भाग) तुमच्याकडच्या प्रसारणाला चालणारा आहे ना, हेही लिहून ठेवा.

२. टेप घ्या, अंतर मोजा, मग इंच ठरवा

जिथे टीव्ही येणार तिथपासून बसणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा. सोफ्याच्या पुढच्या कडेपर्यंत नको, डोळ्यांपर्यंत.

टीव्हीचे इंच म्हणजे पडद्याचा कर्ण. ३२ इंच म्हणजे ८१ सेंटिमीटर, ४३ म्हणजे १०९, ५५ म्हणजे १४०. साधारण नजरेच्या माणसाला पिक्सेल, म्हणजे चित्र ज्यांनी बनतं ते बारीक ठिपके, वेगळे दिसू नयेत यासाठी फुल एचडीला कर्णाच्या सुमारे १.६ पट अंतर लागतं, एचडी रेडीला (फुल एचडीपेक्षा कमी पिक्सेलचा पडदा) सुमारे २.२ पट आणि ४के ला ०.८ पट. म्हणजे ४३ इंची फुल एचडी पडद्यासमोर १७०–१७५ सेंटिमीटरवर बसलात की चित्र सलग दिसतं. तुम्ही अडीच मीटरवर बसत असाल, तर त्याच आकारात ४के घेतल्याने डोळ्यांना फारसा फरक कळणार नाही.

हे उलटंही वाचता येतं. अंतराला १.६ ने भागा. २०० सेंटिमीटरला १२५ सेंटिमीटर आलं, म्हणजे ४९ इंच. ही फुल एचडीसाठी वरची मर्यादा धरा. दिवसातला बराच वेळ स्टँडर्ड वाहिन्या चालणार असतील तर एक आकार खाली या. जुन्या चित्राचे दोष मोठ्या पडद्यावर जास्त दिसतात.

आता पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र कापा. ३२ इंचाला ७१ × ४० सेंटिमीटर, ४३ ला ९५ × ५४, ५५ ला १२२ × ६८. तो तुकडा भिंतीला चिकटवून दोन दिवस राहू द्या. खिडकीचा उजेड त्यावर पडतो का, दार उघडताना आड येतं का, मान वर करावी लागते का, हे त्या कागदावरच कळतं.

इथे चूक होते: टीव्ही टेबलावर ठेवायचा असेल तर पडद्याच्या रुंदीपेक्षा पायांमधलं अंतर महत्त्वाचं. स्वस्त टीव्हींचे पाय बरेचदा दोन टोकांना असतात. टेबल ८० सेंटिमीटरचं आणि पाय ८५ सेंटिमीटरवर, असं झालं की एक पाय हवेत राहतो. हे माप उत्पादनाच्या तपशिलात दिलेलं असतं आणि बहुतेक जण ते वाचत नाहीत.

३. रिझोल्यूशन ठरवा, पण पॅनेलचं

पॅनेल म्हणजे चित्र दाखवणारा मूळ पडदा आणि रिझोल्यूशन म्हणजे त्यावरचे आडवे × उभे पिक्सेल. एचडी रेडी म्हणजे बहुतेक वेळा १३६६ × ७६८ पिक्सेल, फुल एचडी म्हणजे १९२० × १०८०, ४के म्हणजे ३८४० × २१६०. सगळ्यात जास्त फसगत इथल्या एका शब्दाने होते, तो म्हणजे ‘सपोर्ट’. खोक्यावर ‘१०८० सपोर्ट’ लिहिलेलं असतं आणि आतलं पॅनेल १३६६ × ७६८ चं असतं. असा टीव्ही फुल एचडी सिग्नल घेतो आणि आपल्या पॅनेलपुरता लहान करून दाखवतो. तपशिलात ‘पॅनेल रिझोल्यूशन’ किंवा ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’ ही ओळ शोधा. ती कुठेच सापडत नसेल तर ते मॉडेल सोडून द्या.

माझं मत असं: ३२ इंचाला एचडी रेडी चालतो, अट एवढीच की तुम्ही किमान १८० सेंटिमीटर लांब बसता आणि त्याला लॅपटॉप जोडून अक्षरं वाचायची नाहीत. ४० च्या पुढे एचडी रेडी घेऊ नका. ४३ च्या पुढे ४के सहज मिळतो आणि फुल एचडीची निवड कमी असते, त्यामुळे तिथे ४के घ्यायला हरकत नाही. पण ४के या एका शब्दासाठी चांगलं पॅनेल सोडून फिकं पॅनेल घेणं हा तोट्याचा सौदा आहे. काळा रंग राखाडी दिसतो हे दूरवरूनही कळतं. जादा पिक्सेल दूरवरून कळत नाहीत.

४. पॅनेल आणि आकड्यांची भुलवण

एलईडी टीव्ही म्हणजे मागे एलईडी दिवे असलेला एलसीडीच. त्यात मुख्य प्रकार दोन. व्हीए पॅनेलचा कॉन्ट्रास्ट (काळ्या-पांढऱ्यातला फरक) साधारण ३०००:१ किंवा त्याहून जास्त असतो, काळा रंग खोल दिसतो, पण बाजूला बसलं की रंग उडतात. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट १०००:१ च्या आसपास असतो, काळोखात काळा रंग राखाडी वाटतो, पण बाजूने बघणाऱ्यालाही रंग नीट दिसतात. बघणारे समोरच बसत असतील आणि रात्री दिवे मंद करून बघत असतील तर व्हीए घ्या. उजेडाची खोली असेल आणि माणसं चारी बाजूंना पसरून बसणार असतील तर आयपीएस.

पॅनेलचा प्रकार लिहिलेला नसतो तेव्हा एक सोपी चाचणी आहे. पडद्यावर माणसाचा चेहरा असताना समोरून हळूहळू बाजूला सरका. थोडंसं सरकताच चेहरा धुतल्यासारखा पांढुरका झाला तर बहुधा व्हीए.

पुढचे आकडे बघून निर्णय घेऊ नका. ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ लाखांत असतो, कारण तो मागचा दिवा कमी-जास्त करून मोजलेला असतो. एकाच दृश्यातला काळा-पांढरा फरक त्यातून कळत नाही. ‘मोशन रेट २००’ लिहिलेल्या स्वस्त टीव्हीचं पॅनेल बहुधा ५० किंवा ६० हर्ट्झचंच, म्हणजे सेकंदाला तितक्याच वेळा चित्र बदलणारं असतं. एचडीआर म्हणजे उजेड-अंधारातला जास्त फरक असलेलं चित्र. त्याच्या चिन्हाचा अर्थ एवढाच की टीव्ही तो सिग्नल वाचू शकतो. तो दाखवायला पडद्याची चमक लागते. स्वस्त टीव्ही २५० ते ३५० निट्सच्या (चमक मोजायचं एकक) आसपास थांबतात आणि एचडीआरची खरी मजा साधारण ६०० निट्सच्या पुढे सुरू होते. या किमतीत एचडीआरसाठी जादा पैसे मोजू नका.

५. पैसे आधीच वाटून ठेवा

एकूण बजेटमधले १५ ते २० टक्के बाजूला काढा आणि उरलेल्या रकमेतच टीव्ही शोधा. बाजूच्या पैशांतून एचडी बॉक्स किंवा एचडी पॅक, भिंतीचं ब्रॅकेट, सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर टीव्ही वाचवणारा) आणि आवाजाची सोय होते. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, त्यामुळे संवाद दबतात. घरात वयस्कर माणसं असतील तर साध्या साउंडबारचा उपयोग त्यांना पडद्याच्या जादा तीन इंचांपेक्षा जास्त होतो. म्हणून टीव्हीला एआरसी (साउंडबारकडे आवाज पाठवण्याची सोय) असलेलं एचडीएमआय पोर्ट किंवा ऑप्टिकल आउट (आवाजाचं वेगळं पोर्ट) आहे ना, तेवढं बघून ठेवा.

केबलवर मात्र पैसे घालू नका. एचडीएमआयमधून डिजिटल सिग्नल जातो. दोन मीटरपर्यंत फुल एचडीसाठी साधी ‘हाय स्पीड’ लिहिलेली केबल पुरते, सेकंदाला ६० फ्रेमच्या ४के साठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ प्रमाणपत्राची. सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या केबलने रंग उजळत नाहीत.

६. स्मार्ट टीव्ही: एक प्रश्न चुकवू नका

स्ट्रीमिंग अ‍ॅपमधल्या चित्रपटांना कुलूप असतं. त्यातलं खूप वापरलं जाणारं कुलूप म्हणजे वाइडवाइन. यंत्राला त्याची एल-१ पातळी मिळालेली असेल तर एचडी चालतं. फक्त एल-३ असेल तर बरीचशी सशुल्क अ‍ॅप चित्र स्टँडर्डवरच अडवतात. पडदा फुल एचडी, नेट वेगवान, वर्गणीही भरलेली, आणि चित्र तरी धुरकट, यामागे बरेचदा हेच असतं. प्रमाणित नसलेल्या अँड्रॉइडवर चालणाऱ्या अगदी स्वस्त टीव्हींत हा धोका मोठा. अ‍ॅपचं चिन्ह पडद्यावर दिसतं यावर विसंबू नका. ‘तुमचं अ‍ॅप या मॉडेलवर एचडीत चालतं का’ असा नेमका प्रश्न विचारा आणि त्या अ‍ॅपच्या मदतपानावरही पडताळून घ्या.

रॅम १ जीबीपेक्षा जास्त असावी. ८ जीबी साठवणुकीतली बरीचशी जागा टीव्हीची स्वतःची प्रणालीच खाते.

टीव्हीचा मेंदू काही वर्षांत जुना होतो, पॅनेल त्याहून जास्त टिकतं. स्मार्ट भाग मंद झाला तर बाहेरून स्ट्रीमिंग स्टिक लावता येते. पॅनेल बदलता येत नाही. पैसे कमी पडत असतील तर काटछाट स्मार्ट भागात करा.

७. दुकानात: पूर्ण मॉडेल क्रमांक आणि स्वतःचा पेन ड्राइव्ह

एकाच नावाच्या मालिकेत शेवटच्या एका अक्षराने पोर्ट, पाय किंवा पॅनेलही बदलू शकतं. किमतीची तुलना पूर्ण क्रमांक जुळवूनच करा.

दुकानातले टीव्ही झगझगीत दिव्यांत, सगळ्यात भडक मोडवर आणि खास बनवलेल्या चित्रफितीवर चालू असतात. तिथे सगळेच छान दिसतात. पेन ड्राइव्हमध्ये स्वतःचं काही घेऊन जा: एक अंधाराचं दृश्य, सामन्यात वेगाने जाणारा चेंडू, बातम्यांखाली सरकणारी पट्टी आणि एक साधा चेहरा. सोबत पूर्ण काळं आणि पूर्ण राखाडी अशी दोन चित्रं. पेन ड्राइव्ह फॅट३२ (फाइली साठवायची एक पद्धत) मध्ये असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यात बसत नाही, तेव्हा तुकडे लहान ठेवा. रिमोट हातात घेऊन मोड ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिनेमा’वर आणा, मग बघा. रिमोट दाबल्यावर मेन्यू उघडायला किती वेळ लागतो, तेही लक्षात ठेवा. रोजचा त्रास तोच असतो.

सावधान: परत करण्याची मुदत, घरी येऊन दुरुस्ती मिळते का, आणि किती पिक्सेल मेले तर कंपनी टीव्ही बदलून देते, हे पैसे देण्याआधी विचारा. एक-दोन मेलेल्या पिक्सेलना कंपन्या सहसा दोष मानत नाहीत.

८. घरी आणताना आणि पहिल्यांदा ठेवताना

टीव्ही उभाच न्या. आडवा ठेवला की हादरे काचेच्या मध्यावर बसतात आणि पॅनेलला आतून तडा जाऊ शकतो, तो चालू केल्यावरच दिसतो. उचलताना दोन माणसं लागतात, हात कडांना आणि तळाला, पडद्यावर अंगठे टेकवायचे नाहीत.

इथे थांबा. लगेच ड्रिल काढू नका. आधी टेबलावर पायांवर उभा करा आणि पुढचे तीन टप्पे पूर्ण झाल्यावरच भिंतीचं बघा. भिंतीवर चढवलेला, पाय न जोडलेला, खोका फेकून दिलेला टीव्ही परत करणं फार जड जातं.

९. जोडणी

बॉक्सपासून टीव्हीपर्यंत एचडीएमआय केबलच लावा. बसवायला आलेला माणूस घाईत जुनी पिवळी-लाल-पांढरी वायर तशीच लावून जातो आणि चित्र दिसतंय म्हणून आपणही समाधान मानतो. त्या पिवळ्या वायरीतून एचडी जातच नाही.

केबल बदलली तरी काम अर्धंच झालं. बॉक्सच्या स्वतःच्या मेन्यूत व्हिडिओ आउटपुट शोधा. तो ५७६ वर अडकलेला असेल तर १०८० वर न्या, बॉक्सचा आकार-पर्याय १६:९ करा. मग वाहिनीचा एचडी क्रमांक लावा. एकच वाहिनी दोन क्रमांकांवर असते आणि सवयीने हात जुन्या क्रमांकावर जातो.

तपासा: टीव्हीच्या रिमोटवरचं ‘इन्फो’ किंवा ‘डिस्प्ले’ बटण दाबा. कोपऱ्यात १९२० × १०८० किंवा १०८० आलं पाहिजे. ५७६ दिसत असेल तर पुढे जाऊ नका. केबल, बॉक्सचा मेन्यू, वाहिनी, या क्रमाने परत बघा.

१०. चित्राची सेटिंग

पहिल्यांदा चालू केल्यावर टीव्ही ‘घर’ की ‘दुकान’ असं विचारतो. ‘घर’ निवडा. नंतर चित्राचा मोड, कारण पुढचे सगळे बदल त्या मोडपुरतेच साठवले जातात. बऱ्याच टीव्हींत ते प्रत्येक पोर्टसाठीही वेगळे असतात. मोड शेवटी बदलला तर आधीची मेहनत वाया जाते.

सुरुवात ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ने करा. आकाराच्या पर्यायांत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा १:१ असं काही असेल ते निवडा. नाहीतर टीव्ही चित्र थोडं फुगवून कडा कापतो, बातम्यांची खालची पट्टी अर्धी जाते आणि सगळं चित्र मऊ होतं. जुने ४:३ कार्यक्रम बाजूच्या काळ्या पट्ट्यांसह बघा. पडदा भरायला ताणले की माणसं रुंद दिसतात.

शार्पनेस खाली आणा. अक्षरांच्या आणि चेहऱ्यांच्या कडेला पांढरी रेघ दिसत असेल तर तो शार्पनेसच आहे. रेघ जाईपर्यंत कमी करा. गती गुळगुळीत करणारा पर्याय चित्रपटांसाठी बंद ठेवा, सामन्यांसाठी हवा तर चालू. रंगाचं तापमान ‘वॉर्म’वर न्या. सुरुवातीला पिवळट वाटेल, आठवडाभर तसंच ठेवा आणि मग जुन्या निळसर सेटिंगवर जाऊन बघा, चेहरे आजारी वाटतील. उजेड कमी वाटला तर ‘ब्राइटनेस’ला हात लावण्याआधी ‘बॅकलाइट’ वाढवा. ‘ब्राइटनेस’ वाढवला की काळा रंगच राखाडी होतो. ऊर्जा बचतीचा पर्याय चालू असताना चित्र उगाच मंद होतं, म्हणून तोही बघून घ्या.

११. परत करण्याची मुदत संपण्याआधी

रात्री दिवे घालवून पूर्ण काळं चित्र लावा. कोपऱ्यांत हलका उजेड दिसणं एलसीडीत नेहमीचं आहे. बघताना लक्ष वेधून घेणारा पिवळट डाग मात्र नको. मग राखाडी चित्रावर उभे पट्टे किंवा मळकट ढग आहेत का बघा. मैदान दाखवताना कॅमेरा फिरला की ते त्रास देतात. लाल, हिरव्या, निळ्या आणि पांढऱ्या चित्रांवर मेलेले पिक्सेल शोधा.

त्यानंतर प्रत्येक एचडीएमआय आणि यूएसबी पोर्ट एकदा तरी वापरून बघा, आज लागत नसलं तरी. वाय-फायवर एक पूर्ण चित्रपट सलग चालवा. दोष दिसला तर त्याच दिवशी फोटो काढा आणि लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं मुदतीनंतर मोजलं जात नाही. बिलावरचा अनुक्रमांक टीव्हीच्या मागच्या पट्टीवरल्या क्रमांकाशी जुळतो का, तेही बघा. जुळत नसेल तर वॉरंटीचा दावा अडतो.

१२. आता भिंत

ब्रॅकेट व्हेसा मापाने, म्हणजे टीव्हीमागच्या छिद्रांच्या ठरलेल्या मापाने येतं: १००×१००, २००×२००, ४००×२०० असे मिलिमीटरमधले आकडे. टीव्हीच्या मागच्या चार छिद्रांमधलं अंतर मोजून खात्री करा. स्क्रू टीव्हीच्या पुस्तिकेत दिलेल्या लांबीचेच वापरा. जास्त लांब स्क्रू जोर लावून पिळला तर तो आतल्या बोर्डात किंवा पॅनेलच्या पाठीत घुसतो आणि अशा नुकसानीला वॉरंटी लागू होत नाही. भिंत विटेची, काँक्रीटची की पोकळ, त्यावर फिशर (भिंतीच्या भोकात बसून स्क्रू धरणारी नळी) आणि स्क्रू ठरतात. पोकळ पार्टिशनवर आतला आधार शोधल्याशिवाय टांगू नका.

बसल्यावर नजर पडद्याच्या मध्यावर किंवा थोडी वर यावी. माणसं टीव्ही उभ्या माणसाच्या उंचीवर लावतात आणि मग वर्षभर मान दुखते. मागे हवा खेळायला आणि केबल वळायला जागा सोडा. पोर्ट भिंतीकडे तोंड करून असतील तर केबल टांगण्याआधीच लावा. काढलेले पाय आणि त्यांचे स्क्रू एका पिशवीत घालून बिलासोबत ठेवा. घर बदलताना किंवा दुरुस्तीला देताना ते लागतात.